‘हो’वर टिक करा : अमेरिकेत नव्याने आलेल्या घरातल्या मुलासाठी कॉलेजची दुसरी वाट

नोव्हेंबरातली रात्र, न्यू जर्सीतल्या एडिसनमधलं दुसऱ्या मजल्यावरचं भाड्याचं घर. वडील गॅस स्टेशनवरची शिफ्ट संपवून नुकतेच आले होते, हात दोनदा धुऊनही पेट्रोलचा वास गेला नव्हता. बारावीतली लेक लॅपटॉपवर कॉलेजचा अर्ज भरत होती आणि मी शेजारी चहा घेत बसले होते. पडद्यावर प्रश्न आला : एज्युकेशनल अपॉर्च्युनिटी फंड, म्हणजे ईओएफसाठी तुमचा विचार व्हावा असं वाटतं का? खाली ‘हो’ आणि ‘नाही’.

वडील म्हणाले, “नाही कर. आपण कुणाचं फुकट घेत नाही.”

“दादा, थांबा,” मी म्हटलं. “हा प्रश्न परत कुणी विचारणार नाही.”

ईओएफ ही कमी मिळकतीच्या घरांतल्या मुलांना कॉलेजात घेऊन आधार देणारी न्यू जर्सी राज्याची योजना. हा लेख ‘हो’वरच्या त्या एका खुणेबद्दल आहे, आणि तिच्या आधी-नंतर जे करावं लागतं त्याबद्दल. मी न्यू जर्सीत बरीच वर्षं आहे, काही उन्हाळे एका कॉलेजात याच योजनेतल्या मुलांना गणित शिकवलंय आणि ओळखीपाळखीच्या घरांतले अर्ज भरायला बसलेय. ईओएफमध्ये सहज बसली असती अशी मराठी मुलं घरच्यांनी लाजेपोटी ‘नाही’ केल्यामुळे बाहेर राहिलेली पाहिली आहेत, म्हणून हे जरा तपशिलात लिहितेय.

ही भानगड काय आहे

जुलै १९६७ मध्ये न्यू जर्सीतलं न्यूआर्क शहर दंगलीत पाच दिवस पेटलं होतं, २६ माणसं गेली. त्यानंतर जे प्रश्न विचारले गेले त्यात एक होता : या शहरातली गरीब मुलं राज्याच्याच कॉलेजांत का दिसत नाहीत? राज्याचे उच्चशिक्षणाचे पहिले चान्सलर राल्फ डंगन यांनी योजना मांडली, तेव्हा विधानसभेत नवखे असलेले टॉम कीन यांनी विधेयक आणलं आणि १९६८ मध्ये ईओएफचा कायदा झाला. हेच कीन पुढे १९८२ ते १९९० राज्याचे गव्हर्नर होते.

नेहमीच्या प्रवेशात शाळेचे मार्क, घेतलेले विषय, कुठे कुठे सॅट ही प्रवेशपरीक्षा, हे सगळं एका चाळणीतून जातं. ईओएफचा अर्ज वेगळ्या टेबलावर जातो. तिथे विचारतात : घरची मिळकत काय, शाळा कशी होती, मुलाला काय मिळालं नाही आणि तरीही त्याने काय केलं? मार्क बघतातच, फक्त त्यांच्याबरोबर परिस्थितीही बघतात. आत घेतल्यावर मुलाला वाऱ्यावर सोडत नाहीत. सप्टेंबरच्या आधी उन्हाळी सत्र, नावानिशी ओळखणारा एक सल्लागार, शिकवणी आणि थोडी आर्थिक मदत मिळते. रटगर्स, माँटक्लेअर स्टेट, एनजेआयटी, रोवन, स्टॉकटन ही सरकारी कॉलेजं, सीटन हॉल, ड्रू, सेंट पीटर्ससारखी खाजगी आणि काउंटीची, म्हणजे जिल्ह्याची दोन वर्षांची कॉलेजं, सगळीकडे ही योजना आहे.

शेजारच्या राज्यांतही हेच आहे, नावं तेवढी वेगळी. न्यूयॉर्कमध्ये सुनी या राज्य विद्यापीठाच्या कॉलेजांत ईओपी, खाजगी कॉलेजांत हीओप, आणि क्यूनी या शहराच्या विद्यापीठाच्या चार वर्षांच्या कॉलेजांत सीक. सीकचं मूळ १९६५ सालच्या सिटी कॉलेजात आहे. पेनसिल्व्हेनियात ॲक्ट १०१, कॅलिफोर्नियात ईओपी. मी न्यू जर्सीबद्दल लिहितेय, पण क्वीन्समध्ये किंवा फिलाडेल्फियात राहत असाल तर पायऱ्या जवळपास याच.

आपण बसतो का, हे आधी बघा

आपल्याकडे लोकांना वाटतं, अमेरिकेतले मराठी म्हणजे सगळे आयटीवाले. दोघांचे पगार, टेस्ला, मुलाला सातवीपासून सॅटचा क्लास. त्या घरांसाठी ही योजना नाही. पण भावाने किंवा बहिणीने ग्रीन कार्डासाठी केलेल्या पिटिशनवर पंधरा-पंधरा वर्षं थांबून येणारी घरं वेगळी असतात. वडील पंचेचाळिशीचे, सांगलीत पतसंस्थेत अठरा वर्षं काढलेली, बी.कॉम. इथं त्या डिग्रीला कुणी विचारत नाही. आई वेअरहाउसमध्ये पॅकिंगला. न्यू जर्सीत स्वतःच्या हाताने पेट्रोल भरायला १९४९ पासून बंदी आहे, म्हणून गॅस स्टेशनवर माणूस लागतोच, आणि तिथे आपली माणसं दिसतात. अशा घरातला सोळा वर्षांचा मुलगा अकरावीत येऊन पडतो. इंग्रजी पुस्तकी, शाळेत कुणी ओळखीचं नाही, मार्क घसरलेले. ही योजना नेमकी याच मुलासाठी आहे.

अटी थोडक्यात अशा. कॉलेज सुरू व्हायच्या आधी सलग बारा महिने न्यू जर्सीत राहिलेलं असावं. नागरिक किंवा ग्रीन कार्ड असावं. राज्याच्या ड्रीमर नियमांत बसणाऱ्या, म्हणजे लहानपणी कागदपत्रांशिवाय आलेल्या मुलांनाही २०१८ पासून राज्याची मदत खुली आहे. कॉलेज पूर्ण वेळ करायचं, म्हणजे सत्राला निदान बारा क्रेडिट (क्रेडिट म्हणजे विषयाच्या तासांचं माप). आणि मिळकत केंद्राच्या दारिद्र्यरेषेच्या दुपटीच्या आत. २०२४ मध्ये चार माणसांच्या घरासाठी ती रेषा ३१,२०० डॉलर होती, म्हणजे दुप्पट ६२,४००. तक्ता दरवर्षी बदलतो, म्हणून ज्या वर्षी अर्ज करताय त्या वर्षीचाच बघा. न्यूयॉर्कमध्ये हीच कसोटी १८५ टक्क्यांची आहे. एच-४ वर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आलेल्या पालकांबरोबर असलेल्या मुलांना केंद्राची मदत मिळत नाही. महाराष्ट्रातून एफ-१ वर शिकायला येणाऱ्यांसाठी तर ही योजनाच नाही, तेव्हा पुण्यातल्या भाच्यासाठी फोन करू नका.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. ही वाट पहिल्या वर्षाच्या दारातून जाते. एकदा नेहमीच्या प्रवेशाने आत शिरलात आणि दुसऱ्या वर्षी जड जायला लागलं, की “आता ईओएफ द्या” असं म्हणता येत नाही. दुसऱ्या कॉलेजातून बदली होऊन येणाऱ्यालाही बहुतेक ठिकाणी आधी अशाच एखाद्या योजनेत असावं लागतं. न्यूयॉर्कच्या ईओपीचंही तसंच. म्हणूनच मी त्या रात्री दादांना थांबवलं.

मनातल्या तीन गाठी

अर्जाआधी या सोडवायला लागतात, नाहीतर फॉर्म भरता भरता घरात भांडण होतं.

पहिली म्हणजे ‘कोटा’. आपल्या लोकांना सवलत म्हटलं की गावाकडचे सगळे वाद आठवतात. ईओएफ जातीवर किंवा वंशावर चालत नाही, मिळकत आणि शैक्षणिक परिस्थितीवर चालते. डिग्रीवर त्याचा कुठलाही शिक्का नसतो. काही जण हळूच म्हणतात, “ते त्यांच्यासाठी असतं हो, आपल्यासाठी नाही.” ‘त्यांच्या’ म्हणजे कोणाच्या हे उघड बोलत नाहीत, पण मला कळतं, आणि मला ते आवडत नाही. माझ्या वर्गात डोमिनिकन, हैतीयन, इजिप्शियन, गुजराती आणि कृष्णवर्णीय अमेरिकन मुलं एकाच बाकावर बसून अपूर्णांक सोडवायची.

दुसरी गाठ काकांची. पिटिशन करणाऱ्या काकांनी आय-८६४ वर, म्हणजे आर्थिक हमीच्या फॉर्मवर सही केलेली असते आणि त्यांना भीती, की पुतण्याने सरकारी मदत घेतली तर बिल माझ्या घरी येईल. त्या फॉर्मखाली स्पॉन्सरकडून जी मदत वसूल करता येते, तिच्या यादीतून केंद्राची विद्यार्थी मदत, म्हणजे पेल ग्रँट वगैरे, कायद्यानेच वगळली आहे. आणि सिटिझनशिपच्या अर्जात ‘पब्लिक चार्ज’ची, म्हणजे हा माणूस सरकारवर भार होईल का याची चाचणी नसते. काकांना हे शांतपणे सांगा. शक्यतो काकूंसमोर.

तिसरी गाठ ‘फुकट’. तिला माझ्याकडे युक्तिवाद नाही. त्या रात्री दादांना मी विचारलं, “सांगलीत ईबीसीचा फॉर्म भरला होता का?” ते म्हणाले, “भरला होता.” मग गप्प बसले.

कागद

मराठी घराची पहिली अडचण नावाची. आपल्या बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं, आणि आईचं नाव वेगळ्या रकान्यात. पासपोर्टवर कुणी वडिलांचं नाव मधे घातलेलं, कुणी स्वतःच्या नावाला जोडून लिहिलेलं. इथे सोशल सिक्युरिटी कार्डावर जे छापलंय तेच प्रमाण माना. आर्थिक मदतीच्या फॉर्मवर नाव त्याच्याशी जुळलं नाही तर फॉर्म अडकतो. कार्डावरच चूक असेल तर ती अकरावीतच दुरुस्त करून घ्या, ऐन ऑक्टोबरात नको.

दुसरी अडचण पत्त्याची. काकांच्या तळघरात राहत असाल तर भाडेकरार काकांच्या नावावर, विजेचं बिल काकांच्या नावावर. मग बारा महिन्यांचा पुरावा कुठून आणणार? शाळेचं प्रवेशपत्र, बँकेचं स्टेटमेंट, राज्याचं ओळखपत्र किंवा ड्रायव्हिंग लायसन्स, पगाराच्या स्लिपा. उतरल्यापासून पहिल्या महिन्यातच बँक खातं उघडा आणि स्टेटमेंट कागदावर मागवा. एका फायलीत लावत जा. दादांनी त्यासाठी गावाकडून आणलेली पतसंस्थेची निळी फाइल काढली होती. वर अजून ‘थकबाकी’ लिहिलेलं होतं.

याशिवाय गेल्या दोन वर्षांचे टॅक्स रिटर्न, डब्ल्यू-२ म्हणजे पगाराचा वार्षिक दाखला, ग्रीन कार्डाच्या दोन्ही बाजूंची प्रत, आणि भारतातून नुकतेच आला असाल तर फॉर्म १६ आणि तिकडचं रिटर्न. हे शेवटचं का, ते पुढे येतंच.

अर्ज आणि निबंध

अकरावीच्या वसंतात मुलाने शाळेतल्या गायडन्स काउन्सिलरला भेटून एकच वाक्य बोलायचं : “मला ईओएफ असलेल्या कॉलेजांत अर्ज करायचाय.” काउन्सिलरच्या हाताखाली शेकडो मुलं असतात. मूल गप्प बसलं तर ते गप्पच राहतं. अर्जाची फी माफ करायचा कागदही त्यांच्याकडूनच मिळतो.

कॉमन ॲप, म्हणजे बऱ्याच कॉलेजांचा एकच ऑनलाइन अर्ज, १ ऑगस्टला उघडतं. प्रत्येक कॉलेजच्या स्वतःच्या प्रश्नांत ईओएफचा प्रश्न कुठेतरी असतो, कधी अगदी शेवटी, कधी ‘विशेष कार्यक्रम’ अशा बाळबोध नावाखाली. एका कॉलेजला ‘हो’ म्हटलं म्हणजे सगळ्यांना कळलं, असं होत नाही. प्रत्येक कॉलेजचा वेगळा ‘हो’. बऱ्याच ठिकाणी त्यानंतर मिळकतीचा आणि घरातल्या माणसांचा छोटा फॉर्म आणि आणखी एक निबंध मागतात. जागा मोजक्या असतात, म्हणून शेवटची तारीख जानेवारी-फेब्रुवारीत असली तरी नोव्हेंबरात पाठवून मोकळे व्हा.

निबंधावर थोडं थांबते, कारण आपली मुलं इथंच मार खातात. त्या मुलीचा पहिला मसुदा असा होता : ‘माझे वडील इंधनाच्या व्यवसायात आहेत. कष्टाला पर्याय नाही, हे मी त्यांच्याकडून शिकले.’ मी विचारलं, इंधनाचा व्यवसाय म्हणजे? ती हसली. मग मी विचारलं, बाबा रात्री घरी येतात तेव्हा तू काय करत असतेस? तेव्हा कळलं, की आईची शिफ्ट पहाटे चारला सुरू होते, म्हणून धाकट्या भावाचा डबा, त्याची बस आणि त्याचा होमवर्क हिच्याकडे. शाळेनंतरच्या कुठल्याही क्लबमध्ये ती कधीच नव्हती, कारण साडेतीनला भावाची बस यायची. सांगलीत दहावीला ८८ टक्के होते. इथे इतिहासात सी मिळाला, कारण पहिले सहा महिने तिला शिक्षकाचं बोलणंच कळत नव्हतं आणि हात वर करून “परत सांगा” म्हणायची लाज वाटायची.

हे सगळं निबंधात आलं. डबा, साडेतीनची बस, इतिहासातला सी. सुविचार सगळे गेले. वाचणाऱ्याला मार्कशीटवरचा खड्डा दिसतच असतो, तो कशाने पडला हे त्याला हवं असतं. रडगाणंही नको. काय झालं ते लिहायचं, आणि मग काय केलं ते. आई-वडिलांनी हा निबंध दुरुस्त करू नये. ‘घरचं बाहेर कशाला’ म्हणून ते नेमकं कामाचं वाक्य खोडतात.

फाफ्सा : इथे घाई नको, उशीरही नको

केंद्राच्या मदतीचा फॉर्म म्हणजे फाफ्सा, तो दरवर्षी साधारण ऑक्टोबरात उघडतो. मुलाने आणि पालकांनी आपापलं वेगळं खातं काढायचं. पालकाकडे सोशल सिक्युरिटी नंबर नसला तरी खातं निघतं. प्रत्येकाने टॅक्सची माहिती ओढून घ्यायला संमती द्यायची. एकाने दिली नाही तर मदत मिळत नाही, आणि ‘वडिलांनी सही केली की झालं’ हा आपला हिशोब इथे चालत नाही.

फाफ्सा दोन वर्षांपूर्वीची मिळकत विचारतो. २०२६ च्या सप्टेंबरात कॉलेज सुरू होणार असेल तर २०२४ ची. आता तुम्ही २०२५ च्या मार्चमध्ये उतरला असाल, तर २०२४ मध्ये तुम्ही सांगलीत होतात. मग काय लिहायचं? शून्य नाही! परदेशातली मिळकतही लिहायची असते, ज्या दिवशी फॉर्म भरताय त्या दिवशीच्या दराने डॉलरमध्ये करून. नऊ लाख रुपये म्हणजे साधारण दहा-अकरा हजार डॉलर होतात. लिहिल्याने तुमचं नुकसान होत नाही. लिहिलं नाही तर मात्र पडताळणीत अडकता. तिकडचं रिटर्न आणि फॉर्म १६ त्यासाठीच जपून ठेवायचे. आणि उलटी गोष्ट असेल, म्हणजे दोन वर्षांपूर्वी नोकरी चांगली होती आणि आता गेली, तर कॉलेजच्या फायनान्शियल एड ऑफिसला पत्र लिहून सध्याची परिस्थिती विचारात घ्यायला सांगता येतं. त्यांना तसा अधिकार असतो.

काकांच्या घरी राहत असलात तरी काकांची मिळकत फॉर्ममध्ये येत नाही, त्यांचं घरही येत नाही. आई-वडील आणि ज्यांना ते पोसतात ती माणसं, एवढंच कुटुंब. संख्या वाढवायला चुलतभाऊ घालू नका, मी ते पाहिलेलं आहे.

मालमत्तेचे प्रश्न आले तर राहतं घर मोजायचं नाही, पण सांगलीतला भाड्याने दिलेला फ्लॅट आणि बँकेतली एफडी मोजायची. वडिलोपार्जित जमिनीत सातबाऱ्यावर चार भावांची नावं असतील तर तुमचा हिस्सा तेवढाच. मिळकत कमी असेल तर बऱ्याच घरांना हे प्रश्न विचारलेच जात नाहीत, पण विचारले तर खरं लिहायचं. जाता जाता एक : भारतातल्या सगळ्या खात्यांत मिळून वर्षात कधीही १०,००० डॉलरपेक्षा जास्त असतील तर एफबार नावाचा वेगळा फॉर्म भरावा लागतो. त्याचा कॉलेजशी संबंध नाही, पण ग्रीन कार्डवाल्यांना कुणी सांगत नाही म्हणून सांगितलं.

फाफ्सा पाठवला की झालं असं समजून लॅपटॉप बंद करू नका. न्यू जर्सीचे स्वतःचे काही प्रश्न असतात. शेवटच्या पानावरच्या दुव्यावरून राज्याच्या एनजेफॅम्स या खात्यात जाऊन ते सोडवायचे. ते राहिले की राज्याची मदत अडकते, आणि ईओएफचे पैसे राज्याचे आहेत.

पैशाबद्दल अपेक्षा नीट ठेवा. पेल ग्रँट २०२५-२६ मध्ये जास्तीत जास्त ७,३९५ डॉलर. त्यावर राज्याची टॅग, म्हणजे ट्यूशनसाठीची ग्रँट. ईओएफची स्वतःची ग्रँट मोठी नसते, वर्षाला काही शे ते काही हजार, कॉलेजनुसार. ट्यूशनच्या पलीकडे खोली, जेवण, पुस्तकं उरतात. घरून ये-जा करता येईल असं कॉलेज निवडलं तर हिशोब बसतो. वसतिगृहाचा हट्ट धरला तर कर्ज येतं. माझं मत विचाराल तर पहिल्या वर्षी खोलीसाठी कर्ज काढू नये.

बोलावणं आलं की

बरीच कॉलेजं ईओएफसाठी मुलाखत घेतात, कुठे आई-वडिलांनाही बोलावतात. बाबांनी मुलाऐवजी उत्तर देऊ नये. हे मी मनापासून सांगते, कारण प्रश्न मुलाला विचारला की आपल्याकडे उत्तर वडिलांकडूनच येतं, सवयच आहे. प्रश्न साधे असतात : अभ्यासात कुठे अडखळतोस, अडखळलास तर कुणाकडे जातोस, उन्हाळ्यात यायला जमेल का? ‘मी कुणाकडेच जात नाही, एकटाच करतो’ हे उत्तर आपल्याला बाणेदार वाटतं. त्यांना ते धोक्याचं वाटतं. ही सगळी योजना मदत मागणाऱ्या मुलासाठी बांधलेली आहे.

प्रवेशाचं पत्र आलं की बारीक अक्षरं वाचा. ‘उन्हाळी सत्र पूर्ण करण्याच्या अटीवर’ असं त्यात लिहिलेलं असतं. तुलना करताना रँकिंग बाजूला ठेवून तीन गोष्टी विचारा : एका सल्लागाराकडे किती मुलं, उन्हाळी सत्रात क्रेडिट मिळतं का, आणि शिकवणी कुठल्या विषयांना आहे. सगळीकडे नकार आला, तर काउंटी कॉलेजचा ईओएफ बघा. तिथे दारं बरीच मोकळी असतात, ६५,००० डॉलरच्या आत मिळकत असलेल्या घरांना राज्य ट्यूशन माफ करतं, आणि तिथली एए किंवा एएस ही दोन वर्षांची पदवी २००८ च्या राज्यव्यापी करारामुळे सरकारी विद्यापीठाच्या तिसऱ्या वर्षाला लागते. तिथे ईओएफमध्ये असलेलं मूल पुढे जाताना ईओएफ बरोबर घेऊन जाऊ शकतं. हा रस्ता कमीपणाचा वाटून घेऊ नका.

उन्हाळा

साधारण जूनच्या शेवटापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत, चार ते सहा आठवडे. हे सत्र सक्तीचं असतं. मामाचं लग्न असो, आजीची पंचाहत्तरी असो, जुलैत भारतात जायचं नाही. एका घराने तिकिटं आधीच काढली होती, आणि मुलाची जागा गेली. रडारड झाली, पण ऑफिसने ऐकलं नाही.

सकाळी गणित, मग लेखन, दुपारी शिकवणी, संध्याकाळी सक्तीचा अभ्यास. बऱ्याच ठिकाणी मुलं वसतिगृहात राहतात, फोन वर्गाबाहेर, रात्री ठरल्या वेळी खोलीत. सुरुवातीला ॲक्युप्लेसरसारखी चाचणी होते, कुठल्या पातळीचं गणित द्यायचं ते ठरवायला. आपल्याकडून आलेल्या मुलांचं मला एक दिसलंय. समीकरण दिलं तर भराभर सोडवतात. तेच गणित चार ओळींच्या गोष्टीत घालून दिलं, की पेन थांबतं. आणि कॅल्क्युलेटर! बोर्डाच्या परीक्षेत तो चालत नाही, इथे टीआय-८४ हातात असणार हे गृहीतच धरलेलं असतं. एक मुलगा पहिल्या दिवशी तो उलटा धरून बसला होता, विचारलं तर “चार्जिंग संपलंय” म्हणाला. त्याच्याकडच्या मॉडेलला सेल लागतात. मे महिन्यात शाळेतून एखादा मागून बटणं शिकून घ्या.

लेखनात दुसरा खड्डा. नवनीतच्या गाईडमधलं उत्तर जसंच्या तसं उतरवलं की आपल्याकडे पूर्ण मार्क. इथे कुठल्याशा वेबसाइटवरचा परिच्छेद असा उतरवला तर चोरी धरतात, आणि उन्हाळ्यातच पकडलं गेलं तर ते नशीब समजा, कारण तेव्हा समजावून सांगतात. सप्टेंबरनंतर समिती बसते.

पहिलं वर्ष

सल्लागाराची भेट ठरलेली असते, सुरुवातीला दर एक-दोन आठवड्यांनी. मुलं ती बुडवायला बघतात, ‘सगळं ठीक आहे’ म्हणून. सत्राच्या मध्यावर प्राध्यापकांकडून अहवाल येतो आणि सल्लागाराला आधीच दिसतं कुठे पाणी मुरतंय. माझ्या मते या योजनेतला सगळ्यात किमती भाग हाच आहे, पैशापेक्षाही. ज्या मुलाच्या घरात कॉलेजचं इंग्रजी पत्र वाचणारं कुणी नाही, त्याला पत्र आलं की “हे काय आहे?” म्हणून नेऊन दाखवायला एक दार मिळतं.

ऑफिस अवर्स म्हणजे प्राध्यापक आपल्या खोलीत फक्त मुलांसाठी बसतात ते तास. आपली मुलं तिकडे फिरकत नाहीत, ‘सरांना त्रास कशाला’. दुसऱ्याच आठवड्यात एकदा जाऊन नाव सांगून यायचं, शंका नसली तरी.

वडिलांसाठी : १९७४ च्या फर्पा कायद्यामुळे कॉलेज तुम्हाला मार्क कळवत नाही. फी तुम्ही भरलीत तरी नाही. ऑफिसात जाऊन वाद घालू नका, मुलालाच विचारा, किंवा त्याने लेखी संमती दिली तर ऑफिस बोलतं.

वाचनदोष किंवा तसं काही असेल आणि शाळेत आयईपी, म्हणजे खास गरजांसाठी आखलेला आराखडा चालू असेल, तर तो कॉलेजात आपोआप येत नाही. मुलाने स्वतः डिसॅबिलिटी ऑफिसात जाऊन कागद द्यायचे आणि परीक्षेला जादा वेळ वगैरे मागून घ्यायचं. हे ईओएफपेक्षा वेगळं खातं आहे, दोन्ही एकाच वेळी घेता येतात. आपल्याकडे हे लपवतात. लपवलेल्या कागदावर जादा वेळ मिळत नाही.

मार्कांची सरासरी ४ पैकी २.० च्या खाली गेली किंवा बारा क्रेडिटच्या खाली आलात की मदत धोक्यात येते. एखादा विषय सोडायची वेळ आली तर आधी सल्लागार, मग संगणकावरचं बटण. बटण आधी दाबलं आणि क्रेडिट नऊवर आली, की मग फार धावपळ होते.

आणि फाफ्सा दरवर्षी नव्याने भरायचा असतो. ज्यांना राज्याची टॅग आधीच मिळते त्यांच्यासाठी तारीख १५ एप्रिल, नव्यांसाठी १५ सप्टेंबर. दादांच्या निळ्या फायलीवर ‘थकबाकी’ खोडून आता ‘१५ एप्रिल’ लिहिलंय. शिफ्ट सुटली की लेकीला तेच आठवण करतात.